पहिलं माप सांगायचं नाही

ज्योतीराम ओव्हाळचं आणि माझं अकरा वर्षं पटलं नाही. तो कंपनीच्या टूलरूममधला स्क्रेपर आणि मी तिथलाच इन्स्पेक्टर, म्हणजे करणारा तो आणि नावं ठेवणारा मी. बासष्ट साली आम्ही एकाच आठवड्यात कामाला लागलो आणि कासारवाडीच्या एकाच चाळीत दोन दारं सोडून राहायला आलो. तरी रस्त्यात गाठ पडली, की तो आधी बोलेल म्हणून मी थांबायचो आणि मी आधी बोलेन म्हणून तो थांबायचा. आमच्या बायका मात्र एकमेकींकडून बिनदिक्कत विरजण न्यायच्या.

स्क्रेपरचं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. बिडाची एक जाड प्लेट असते, ती आरशासारखी सपाट करायची. निळा रंग लावलेली दुसरी प्लेट तिच्यावर घासली, की जिथं उंचवटा असेल तिथं निळा ठिपका उमटतो. तो ठिपका हातातल्या पात्यानं अलगद खरवडायचा. परत घासायचं, परत खरवडायचं. एका वेळी निघतं किती, तर केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं लोखंड. मशीनला जे जमत नाही ते इथं हातानं होतं, आणि अख्ख्या कंपनीत ज्योतीरामसारखा हात दुसरा नव्हता. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो, कौतुक केलं असतं तर डोक्यावरच बसला असता.

मी त्याचा एखादा जॉब नापास केला, की तो प्लेट उचलून माझ्या टेबलावर आदळायचा. "अर्जुनराव, डोळे तपासून घ्या," म्हणायचा. मग जॉब दुसऱ्या इन्स्पेक्टरकडे जायचा. टूलरूमचा तसा रिवाजच होता. एका मापावर कुठलाही जॉब भंगारात जायचा नाही. दुसऱ्या माणसानं दुसऱ्या गेजनं तो परत मोजायचा, आणि पहिलं माप किती आलं ते त्याला सांगायचं नाही. सांगितलं, की त्याचा डोळा नेमकं तेवढंच शोधतो. बहुतेक वेळा माझंच बरोबर निघायचं. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत ज्योतीरामचे दोन जॉब मी लागोपाठ नापास केले आणि त्यानं एकदाही प्लेट आदळली नाही. मान खाली घालून घेऊन गेला. मला वाटलं, चला, शहाणा झाला. मार्चमध्ये त्याच्या हातातून पातं सुटून खाली पडलं. चालताना तो पाय घासायला लागला, बोलणं पुटपुटल्यासारखं यायला लागलं, आणि चहाची बशी हातात धरली की वाजायची. मग एका दुपारी कँटीनमध्ये खरोखरची माशी त्याच्या नाकावर येऊन बसली आणि ज्योतीराम ओव्हाळनं हात उचलला नाही. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

कंपनीनं त्याला एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी हात वाकवून पाहिले, चालायला लावलं आणि कागदावर लिहून दिलं: पार्किन्सन. मराठीत कंपवात. वाढत जाईल, बरा होणार नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, समोर जे दिसत होतं ते त्यांनी लिहिलं. त्या कागदावर ज्योतीरामला रजा मिळाली आणि जुलैच्या पंधरा तारखेला मेडिकल बोर्ड ठरलं. बोर्डानं अनफिट म्हटलं, की अकरा वर्षांची नोकरी संपली.

दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घराचा उंबरा ओलांडला.

ज्योतीराम भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको मंजुळाबाई त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. मला बघून ती दचकली आणि मग पाट पुढं सरकवला.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं," मी बसता बसताच म्हणालो. मला आडवळणानं बोलता येत नाही.

"नको भावजी," मंजुळाबाई म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला? एकानं सांगितलं तेवढं बास झालं. दुसरा आणखी वाईट सांगंल."

मी तिला सोडून ज्योतीरामकडे वळलो. "ओव्हाळ, तुमचा जॉब मी कधी एका मापावर भंगारात टाकलाय?"

उत्तर यायला वेळ लागला. विहिरीतून बादली वर यावी तसा त्याचा शब्द वर यायचा. "न्हाई," तो म्हणाला.

"मग स्वतःला का टाकताय?"

त्याचे डोळे माझ्याकडे वळले, आणि ते आत कुठंतरी पूर्वीसारखेच तापलेले होते. माणूस आत शाबूत होता, दार तेवढं अडकलं होतं. मला त्याची इतकी दया आली, की मी उगाच मंजुळाबाईवर खेकसलो, "उद्या सकाळी साडेआठची गाडी. तयार राहा."

पुण्यात शिवाजीनगरला मज्जातंतूंच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, डॉक्टर नेने. आमच्या मॅनेजरच्या सासऱ्यांना त्यांच्याकडे गुण आला होता. सकाळी निघायच्या वेळी ज्योतीरामची आई, चतुराबाई, कापडी पिशवी छातीशी धरून दारात उभी. ती चाकणच्या पुढं गावी राहायची आणि महिन्यातून एकदा लेकाकडे यायची. "म्या बी येनार," म्हणाली. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

गाडीत बसल्यावर मी पहिल्या डॉक्टरांचा कागद मंजुळाबाईकडून मागून घेतला आणि माझ्या खिशात घातला.

"हा दाखवायचा नाही," मी म्हणालो. "आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते कुणी बोलायचं नाही. पहिलं माप सांगायचं नाही."

"असं चालतंय व्हय?" मंजुळाबाईनं विचारलं.

"टूलरूममध्ये चालतं," मी म्हणालो. इन्स्पेक्टरला आपल्यापेक्षा शहाणा कुणी असेल हे पटत नाही, आणि मी तर सीनियर इन्स्पेक्टर होतो.

नेनेबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज शाळामास्तरणीचा. समोर कागद नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. ज्योतीरामला उठबस करायला लावलं, बोटं आपटायला लावली, सही करायला लावली. सही मुंगीएवढी आली. त्याचा डावा हात धरून कोपरात वाकवला, मग उजवा, मग परत डावा. कपाळाला आठ्या घालून त्या थांबल्या.

"दोन्हीकडे सारखंच आहे," त्या म्हणाल्या. "असा आजार सहसा एका बाजूनं सुरू होतो. हे सुरू कधी झालं?"

"संक्रांतीनंतर," मंजुळाबाई म्हणाली.

"तीन महिन्यांत एवढं?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषधं कुठली चालू आहेत?"

"रक्तदाबाची एक गोळी. कंपनीच्या दवाखान्यातली. सकाळी एक," मंजुळाबाईनं सांगितलं.

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

याचं उत्तर सरळ येईना. ज्योतीराम हळूहळू सांगायला लागला. रात्रपाळी असली, की तो सकाळी आठला घरी यायचा. ती सकाळच, म्हणून एक गोळी. मग झोपून दुपारी दोनला उठायचा, तोंड धुवायचा, चहा घ्यायचा. तीही त्याची सकाळच, म्हणून आणखी एक. नेनेबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मला मात्र यात नवल वाटलं नाही. पाळीवाल्या माणसाला दिवसातून दोनदा उजाडतं, हे गोळीच्या पाकिटावर लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

"म्हणजे रात्रपाळी असेल त्या आठवड्यात रोज दोन," त्या म्हणाल्या. "पण तेवढ्यानं इतकं व्हायचं नाही. आणखी काय घेता?"

"काही न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

"काढा? चूर्ण? कुणी दिलेलं काही?"

"न्हाई बाई, औषध कायबी न्हाई," मंजुळाबाई ठामपणे म्हणाली.

नेनेबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "औषध विचारत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत यांच्या तोंडात काय काय जातं ते सांगा. मिठापासून सगळं."

मंजुळाबाई भाकरीपासून सांगायला लागली. कालवण, चहा, तंबाखू. ती रात्रीच्या जेवणापर्यंत आली तेव्हा कोपऱ्यातून चतुराबाई बोलली.

"आन् झोपंची मुळी."

"कसली मुळी?"

"औषध न्हाई वो ते. मुळी हाय. ह्याला रातपाळीचं दिसा झोप यीना, म्हून म्या दिवाळीपासनं देती. भीमाशंकराकडचा वैदू येतो चाकणच्या बाजारात, त्याच्याकडनं आनती. कुटून दुधातनं. आदी रातपाळीलाच घ्यायचा. मंग गुण आला म्हून रोजच सुरू केली." म्हातारीनं कापडी पिशवी उघडली. या महिन्याची मुळी तिनं बरोबरच आणली होती.

नेनेबाईंनी एक तुकडा नखानं खरवडला, वास घेतला, जिभेला लावून थुंकला. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरला.

"सर्पगंधा," त्या म्हणाल्या. "खात्रीसाठी तपासून घेईन, पण तीच वाटते. आणि दवाखान्यातली ती गोळी याच मुळीच्या अर्कापासून करतात. म्हणजे हे दोन्हीकडून एकच औषध घेतायत, आणि मुळीला तर मापच नाही. ते फार झालं, की नेमकं असंच होतं. हात थरथरतो, अंग आखडतं, चेहरा मुका होतो, मन बसतं. हुबेहूब पार्किन्सनसारखं."

हा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मंजुळाबाईनं चटकन माझ्या खिशाकडे पाहिलं. नेनेबाईंनी ते पाहिलं. मला कागद काढून द्यावा लागला, आणि तो का लपवला तेही सांगावं लागलं. रिवाज, गेज, सगळं.

"मिस्टर इन्स्पेक्टर," त्या म्हणाल्या, "माणूस म्हणजे लोखंड नव्हे. डॉक्टरपासून कागद लपवणं हा मूर्खपणा आहे. पुन्हा करू नका." मग कागद वाचता वाचता त्यांचा सूर जरा उतरला. "तरी खरं सांगते, हा आधी पाहिला असता तर मिठापर्यंत गेले असते की नाही, कोण जाणे."

मी मान खाली घातली. शिव्या आणि शाबासकी एकाच घासात खायची मला सवय नव्हती.

"मग हे बरे होणार?" मंजुळाबाईनं विचारलं.

"तसं मी म्हटलं नाही. दोन्ही शक्य आहे. मुळी आजपासून बंद. रक्तदाबाला दुसरी गोळी देते, ती मात्र चुकवायची नाही. हे सगळं मुळीमुळं असेल तर दोनतीन महिन्यांत उतरेल. नाही उतरलं, तर पहिले डॉक्टर बरोबर आणि मी चूक."

चतुराबाई जागची हलली नव्हती. पिशवी तिच्या मांडीवर तशीच उघडी होती. "बाई," ती म्हणाली, "म्हंजे म्या माज्याच पोराचा हात घालवला?"

नेनेबाई उठून तिच्यापाशी गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "आजी, ते औषध आहे म्हणून झोप आली, आणि औषध आहे म्हणूनच त्रास झाला. तुम्ही आज बोलला नसता तर मला कळलंच नसतं."

म्हातारीला ते पटलं नाही. परतीच्या गाडीत तिनं डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला आणि कासारवाडी येईपर्यंत वर केला नाही. त्या दिवसापासून ती गावी गेलीच नाही. लेकाच्या दारात बसून राहायची आणि त्याच्या हातांकडे बघायची.

एप्रिल गेला. काही नाही. उलट झोप उडाली आणि तो जास्तच खंगलेला दिसायला लागला. चाळीत लोक हळहळायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, अर्जुनरावांनी उगाच आशेला लावलं. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. रोज कामावरून येताना मी त्याच्या दारात थांबायचो आणि बशी वाजतेय का ते ऐकायचो. वाजायची.

मेच्या मधल्या आठवड्यात मी असाच थांबलो, तर आतून मंजुळाबाईचा आवाज आला, "अहो, तुम्ही लावलं?" ज्योतीरामनं शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं होतं. चाळीत ही बातमी पेढे वाटल्यासारखी फिरली. मग आठवड्यातच तो हात झुलवत नळापर्यंत चालत गेला. जूनमध्ये शेजाऱ्याच्या रेडिओवरून तो भांडला. इतकं सुरेख भांडला, की मी दारात खुर्ची टाकून ऐकत बसलो. नेनेबाईंनी त्याला तपासलं, सही करायला लावली, ती पानभर आली. त्यांनी बोर्डासाठी पत्र दिलं.

पण बोर्डाला एका पत्रावर दुसरं पत्र खोडायचं नव्हतं. त्यांनी टूलरूमवरच टाकलं. ओव्हाळनं पाच दिवसांत एक प्लेट स्क्रेप करायची, इन्स्पेक्शनमधून पास झाली तर फिट. आणि इन्स्पेक्शन कुणाकडे, तर माझ्याकडे.

पंधरा तारखेला सकाळी प्लेट माझ्या टेबलावर आली. मॅनेजर, बोर्डाचे तीन डॉक्टर आणि कामं टाकून जमलेलं अख्खं टूलरूम सभोवती उभं. सगळ्यांचा चेहरा एकच सांगत होता: अर्जुनराव, आज जरा डोळेझाक करा. मी मापाचा डायल लावला आणि एका टोकापासून फिरवत नेला. सुंदर काम होतं. तीन कोपरे सपाट, मधला भाग सपाट. चौथ्या कोपऱ्याशी काटा उचलला. हद्द पाच मायक्रॉनची, आणि तिथं आठ.

मी परत फिरवला. आठच. पास म्हणालो असतो तर कुणालाच कळलं नसतं. मला कळलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्योतीरामला कळलं असतं. त्याला नोकरी मी दिली असं झालं असतं, त्याच्या हातानं नव्हे.

"नापास," मी म्हणालो. "उजवा कोपरा उंच आहे."

मागून कुणीतरी मला सणसणीत शिवी हासडली. ज्योतीराम तीन पावलांत टेबलापाशी आला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. कान लाल, नाकपुड्या फुगलेल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, डायलकडे पाहिलं. मग प्लेट दोन्ही हातांनी उचलून आपल्या बाकावर नेली आणि निळ्या रंगाच्या प्लेटवर घासली. कोपऱ्यात सात ठिपके उमटले.

"कंपनीचा सगळा टाइम तुमच्या काट्यात गेला, अर्जुनराव," तो ओरडला. "बघा आता."

आणि त्यानं पातं लावलं. आम्ही सगळे आपोआप पुढं सरकलो. खांदा दाबलेला, मनगट सैल, आणि पात्याचं टोक एकेका ठिपक्यावर जाऊन उतरत होतं. एक निघाला, दुसरा निघाला. बिडाचा कीस पिठासारखा बाजूला पडत होता. थरथरायला त्या हाताला फुरसतच नव्हती. त्यानं परत घासलं, परत खरवडलं, तोंडानं मला काहीबाही बोलणं चालूच. अर्ध्या तासानं त्यानं प्लेट पुसली आणि माझ्यासमोर आदळली.

चार मायक्रॉन. मी तीनदा पाहिलं. मग रिवाजाप्रमाणे दुसऱ्या इन्स्पेक्टरला बोलावलं. त्यानं आपल्या गेजनं मोजलं आणि म्हणाला, "चार."

बोर्डाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तोपर्यंत प्लेटकडे पाहिलंच नव्हतं, ते ज्योतीरामचा हात बघत होते. "मघाशी पास झाली असती तर आम्हाला नुसता आकडा दिसला असता," ते म्हणाले आणि तिथंच बाकावर कागद टेकवून 'फिट' लिहिलं. टूलरूममध्ये जो आरडाओरडा झाला तो पलीकडच्या प्रेस शॉपपर्यंत गेला असणार. कुणी बाकावरच्या व्हाइसच्या पकडीवर हातोडे बडवले, कुणी ज्योतीरामला खांद्यावर घेतलं. मला कुणी घेतलं नाही. मी डायल पेटीत ठेवत होतो, आणि खोटं बोलत नाही, आयुष्यात एवढा आनंद मला कुठल्याही जॉबनं दिला नव्हता.

सुट्टीचा भोंगा झाला आणि आम्ही गेटबाहेर आलो. चतुराबाई सकाळपासून चहाच्या टपरीशेजारी दगडावर बसून होती, पाण्याचा घोटही न घेता. ज्योतीराम तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही पंजे तिच्यापुढं धरले. निळ्या रंगानं माखलेले, स्थिर. म्हातारीनं ते उलटेसुलटे करून पाहिले. बोटन्‌बोट दाबून पाहिलं. मग ते हातात घेऊन ती रडायला लागली, आणि तिचेच हात थरथरायला लागले. ज्योतीरामनं ते आपल्या मुठीत धरले आणि थांबेपर्यंत सोडले नाहीत.